वनमालाच्या आतली वस्ती

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला टेकडीवर जाणाऱ्या शेअर रिक्षांची रांग लागते. त्या रांगेचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण आरटीओच्या कायद्यापेक्षा कडक आहे. रांग सोडली की नंबर गेला. परत आलात की शेपटीला उभे राहा.

बाप्यांना याची अडचण नाही. रांगेच्या कडेने नाल्याची भिंत आहे. उतरायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, चेन ओढत परत यायचं. तेवढ्यात रांग सरकली तर मागचा ड्रायव्हर पाय लावून रिकामी रिक्षा पुढे ढकलतो. नंबर जागच्या जागी. बाईने काय करायचं? शौचालय आहे, पण रेल्वेच्या पुलापलीकडे, पूर्वेला. तिकडे गेलेल्याने रांग सोडली असं धरतात. भिंतीपर्यंत गेलेला मात्र रांगेतच असतो. हा कायदा कोणी केला? ज्यांना भिंत पुरते त्यांनी.

वनमाला धुरी या रांगेत रिक्षा लावते. नवरा चंद्रप्रकाश गेला तेव्हा रिक्षा दारात उभी राहिली, आणि सगळे म्हणाले, विकून टाक. तिने ती शिकून घेतली. टेकडीच्या पायथ्याच्या मैदानात रविवारी सकाळी क्रिकेटची पोरं यायच्या आधी ती गिअरशी झटापट करायची. मी कठड्यावर बसून बघायचे. मी म्हणजे याच टेकडीवर नळासाठी, रेशनसाठी, संडासांसाठी भांडत आलेली बाई. शाळा अर्ध्यावर सुटली, बाकीचं वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर शिकले. मी तिला म्हटलं होतं, "पडशील गं." ती म्हणाली, "पडलंय तर उठान. तू बस थयच."

वनमालाची घरात मराठी, रस्त्यावर बंबैया हिंदी आणि राग आला किंवा मनातलं बोलायचं झालं की मालवणी. बाप गिरणीत होता, कणकवलीकडचा. तो ही भाषा तेवढी मागे ठेवून गेला.

रिक्षा चालवायला लागल्यावर वनमालाने पहिली गोष्ट सोडली ती पाणी. सकाळी घरून निघताना चहा, दुपारी जेवताना चार घोट, बस. राधा नावाची दुसरी ड्रायव्हर आहे, वयाने बरीच लहान, तिलाही तिने हेच शिकवलं. "पाणी कित्याक पिऊ? प्यालंय काय उतरूक लागता." एवढं सरळ गणित. मग दोघींना उन्हाळी लागायला लागली. लघवीला जळजळ, सारखं गेल्यासारखं वाटायचं, गेलं की चार थेंब. धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, सगळं झालं. नाही थांबलं तेव्हा दोघी मेडिकलवाल्याकडे गेल्या. त्याने काउंटरवरूनच विचारलं, "उन्हाळी? हे घ्या," आणि गोळ्यांची स्ट्रिप दिली.

ती स्ट्रिप दोघींनी वाटून घेतली.

हसू नका. शेअर रिक्षावाल्या त्या. सीट वाटून घ्यायची, स्टँडवरचा वडापाव वाटून घ्यायचा, मोबाइलचा चार्जर वाटून घ्यायचा, तशीच गोळी. तुझी आग थांबली ना, मग बाकीच्या मला दे. दोन दिवसांत वनमालाला बरं वाटायचं, उरलेल्या गोळ्या राधाच्या पर्समध्ये जायच्या. पुढच्या खेपेला राधा नवीन आणायची आणि अर्ध्या वनमालाला परत यायच्या. कुणाचं देणं कुणावर राहू नये म्हणून दोघी अगदी प्रामाणिक. पुरता डोस असा दोघींपैकी एकीच्याही पोटात कधी गेला नाही.

शिवाय वनमालाच्या डिकीत जंतुनाशकाची बाटली. फरशी पुसायची ती नव्हे, जखमेवर लावायची. पुलापलीकडच्या शौचालयावर तिचा विश्वास नव्हता, वस्तीतल्यावर तर नव्हताच. घरी गेली की त्या बाटलीतलं पाण्यात टाकून धुवायची. चरचरलं तरी धुवायची. चरचरतंय म्हणजे मरतायत, असं म्हणायची.

एकदा भर दुपारी पॅसेंजर घेऊन चढण चढताना तिला थंडी वाजायला लागली. दात वाजतायत, हात हँडलवर ठरत नाहीत. तरी तिने तिघांना वर पोचवलं, सुट्टे परत दिले, आणि मग रिक्षातच आडवी झाली. आम्ही तिला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. ताप, पाठीत कळ, उलट्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. लघवीची तपासणी केली तर नेहमीच्या गोळ्यांपैकी एकही त्या जंतूंवर चालत नव्हती. सुया टोचून, सलाइन लावून ती बरी झाली.

तिथे डॉक्टर मनाली भेटली. वय माझ्या मुलीएवढं, केस क्लिपात कोंबलेले, डोळ्यांखाली काळं. तिने स्ट्रिपची गोष्ट ऐकली आणि कपाळाला हात लावला नाही, हे मला आवडलं. तिने विचारलं, "मावशी, अर्ध्या गोळ्यांनी कोण मेलं असेल सांगा बरं?"

"जंतू."

"कोणते? जे लेचेपेचे ते मेले. दांडगे होते ते वाचले, आणि गोळी कशी असते ते त्यांना कळलं. पुढच्या वेळी तुम्ही त्याच दांडग्यांशी लढलात."

बाटलीचं ऐकल्यावर मात्र तिने मान हलवली. "ती आजच टाकून द्या. बाईच्या अंगात तिथे जंतूंचीच राखण असते. दह्यात असतात त्यांच्या जातीतले. ते आंबटपणा राखतात, त्यामुळे घाणीतले जंतू आत घुसायला बिचकतात. पाळी गेली की ते आपोआप कमी होतात, आणि उरलेले तुम्ही रोज बाटलीने मारताय."

तिने लावायला हार्मोनचं मलम लिहून दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि लघवी अडवून धरायची नाही म्हणाली. वनमालाने मान डोलावली. मलमाचं ठीक होतं. पाण्याचं ती मनात सोडून देत होती, ते मला तोंडावरून दिसत होतं.

मुलगा नितेश मालाडला ऑफिसात आहे. आईवर जीव आहे त्याचा, म्हणूनच आवाज चढतो. घरी आणल्यावर त्याने सांगून टाकलं. "आई, हे शेवटचं. परत असं काही झालं तर रिक्षा विकायची. गिऱ्हाईक मी बघतो."

"तुझ्या बापाशीची रिक्षा ती."

"बाबा असते तर त्यांनीच विकली असती."

"तुझो बापूस असतो तर मी कित्याक चालवलंय असती?" ती म्हणाली, आणि वाद तिथे थांबला. पण अट उभी राहिली होती. परत आजारी पडली की रिक्षा गेली. रिक्षा गेली म्हणजे काय गेलं, हे मला माहीत होतं. रिक्षात बसली की ती कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची विधवा यातलं काही नसते. पुढे बसते आणि मागच्या तिघांना सांगते, "जरा सरकून बसा."

काही महिने बरे गेले. मलमाने फरक पडला. पाणी ती सुट्टीच्या दिवशी प्यायची. मग नितेशच्या ऑफिसने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची फुकट तपासणी ठेवली, आणि तो तिला घेऊन गेला. रिपोर्ट आला. साखर ठीक, रक्त ठीक. लघवीत बॅक्टेरिया.

झालं. नितेश संध्याकाळी गोळ्यांची अख्खी स्ट्रिप घेऊन आला, आणि सोबत गिऱ्हाइकाचा फोन नंबर. "या वेळी पूर्ण डोस घे. आणि रविवारी तो माणूस रिक्षा बघायला येणार आहे."

"माका काय धाड भरली? जळजळ नाय, ताप नाय."

"रिपोर्टमध्ये आलंय ना!"

वनमाला माझ्याकडे आली. रिपोर्ट घेऊन दोघी डॉक्टर मनालीकडे गेलो. ओपीडीत तोबा गर्दी. नंबर लागला तेव्हा डॉक्टरने रिपोर्ट वाचला, वनमालाला चार प्रश्न विचारले, पाठीवर टिचक्या मारून पाहिल्या, आणि म्हणाली, "काही द्यायची गरज नाही."

माझं डोकं सटकलं. आयुष्यभर मी या लोकांकडून औषध काढून घेत आले आहे. स्टॉक नाही, उद्या या, बाहेरून घ्या, सगळी उत्तरं पाठ आहेत. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, रिपोर्टमध्ये जंतू लिहिलेत. मागे ती मरता मरता वाचलीय. फ्लॅटवाली आली असती तर असंच परत पाठवलं असतंत?"

"फ्लॅटवाली येते तेव्हा जास्त भांडावं लागतं," मनाली म्हणाली. "ती गोळी घेतल्याशिवाय जातच नाही."

मागच्या रांगेतली एक म्हातारी हसली. मी उठले नाही.

"बसा, सांगते," ती म्हणाली. "आम्हाला कॉलेजात शिकवलं, निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते. लोक अजून तसंच धरून चालतात. आता नीट शोधलं तर कळतंय की तसं नाही. धडधाकट बाईच्या मूत्राशयातसुद्धा थोडे जंतू राहतात. आधी ते सापडत नव्हते, कारण ज्या पद्धतीने वाढवून बघायचो त्यात ते वाढतच नव्हते. ते तिथे नेमकं काय करतात, सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही. पण काही त्रास न देता राहणारे कधी कधी त्रास देणाऱ्यांना जागा मिळू देत नाहीत, असं दिसतं. मावशींना काही होत नाहीये. उगाच गोळी दिली तर जे शांत बसलेत ते मरतील, आणि रिकाम्या जागेत दांडगे येतील."

वनमालाने विचारलं, "म्हणजे आमच्या टेकडीसारखा?"

"कसं?"

"आमच्या मागच्या बाजूला तीसेक खोल्यो होत्यो. संडास भरलेले, नळावर भांडणां, सगळा खरा. पण एखादो परको माणूस शिरलो तर चार बायो इचारीत, कोणाकडे रे? मग खोल्यो पाडल्यानी. जागा साफ केल्यानी. एकदम साफ. आणि थय कोण इला? गर्दुल्ले. आता मी दुपारची पण थयसून जात नाय."

मी ती पाडापाडी पाहिली होती. बुलडोझरसमोर बसले होते. पण ही गोष्ट कुणाच्या पोटात चालू असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कागदावर ती जागा 'अतिक्रमणमुक्त' झाली. साहेबांनी फोटो काढले. कागदाला साफ हवं असतं. जागेला मात्र कुणीतरी राहणारं लागतं, दाराशी बसणारं, विचारणारं. शरीरही तसंच असेल तर आपण आयुष्यभर कसल्या साफसफाईच्या मागे लागलो आहोत? आणि मी, जी प्रत्येक खोलीसाठी भांडते, तीच मघाशी बुलडोझर मागत होते की काय? ठीक आहे. डॉक्टरला मी सॉरी म्हटलं नाही. चहा विचारला.

मनालीने बजावून सांगितलं, "पण एक ऐका. गरोदर बाई असेल, किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर गोष्ट वेगळी. आणि तुम्हाला जळजळ झाली, ताप आला, पाठ दुखली, तर त्याच दिवशी इथे यायचं. मेडिकलवाल्याकडे नाही, मैत्रिणीकडे तर अजिबात नाही. आणि पाणी. मूत्राशय भरून ठेवलं की दांडग्यांना वाढायला वेळ मिळतो. वाहतं राहिलं की ते धुऊन जातात. पाणी पिताय ना?"

"पितंय," वनमाला म्हणाली.

"रविवारी पिते," मी म्हटलं. तिने माझ्या मांडीला चिमटा काढला.

नितेशला हे पटवायला वेळ लागला. इंजिनिअर नाही, पण रिपोर्टवर त्याचा इंजिनिअरसारखा विश्वास. शेवटी तो म्हणाला, "बरं, गोळी नको. गिऱ्हाईकही थांबवतो. पण मला माहितीये तू पाणी का पीत नाहीस. तुझा नंबर जातो म्हणून. परत आजारी पडशील ती त्या नंबरापायीच. रांगेत बसून पाणी पिऊन दाखव, मग मी विषय काढणार नाही."

पोरगं बरोबर बोलत होतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वनमाला मोठी बाटली घेऊन स्टँडवर गेली. सगळ्यांदेखत प्यायली. थोड्या वेळाने गिअर न्यूट्रलला टाकला आणि मागच्या सीतारामभाऊंना म्हणाली, "ढकला जरा, येतंय मी."

सीताराम हा स्टँडचा जुना माणूस. युनियनचा बिल्ला, पांढऱ्या मिशा, भांडण सोडवायलाही तोच आणि लावायलाही तोच. "भिंतीपर्यंत जाशील तर ढकलतो," तो म्हणाला. "पुलापलीकडे गेलीस तर नंबर गेला. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा?"

"सारखा."

ती गेली. परत आली तेव्हा रिक्षा कडेला काढलेली होती. ती शेपटीला लागली. दुपारी परत प्यायली, परत गेली, परत शेपटीला. दुसऱ्या दिवशीही तेच. राधा म्हणाली, "मावशी, अर्धा धंदा गेला ना यार." मी म्हटलं, मोर्चा काढू, स्टँडसमोर बसू, बॅनर माझ्याकडे तयार आहे, फक्त मागणी बदलायची. वनमाला म्हणाली, "तू गप रव. हे माझे लोक आहेत. बघतंय मी."

बघत ती खरंच होती. रांगेत बसून बसून तिने एक गोष्ट टिपली होती. सीतारामभाऊ भिंतीकडे फार वेळा जायचा. जायचा, बराच वेळ उभा राहायचा, परत यायचा, आणि रांग जरा सरकते न सरकते तोच पुन्हा उतरायचा. मागचा गुपचूप रिक्षा ढकलायचा. कुणी काही बोलायचं नाही.

एक दिवस नंबर असा लागला की सीताराम पुढे आणि वनमाला त्याच्या मागे. सीताराम उतरला, भिंतीशी उभा राहिला. पुढची रिक्षा भरून गेली. वनमाला हाताची घडी घालून बसून राहिली. मागून हॉर्न सुरू. पुढे पॅसेंजर ओरडतायत, "ओ, कोण आहे नंबरला?" सीतारामचं काही लवकर होईना, आणि हॉर्नच्या आवाजात तर मुळीच होईना. शेवटी तो चेन ओढत धावत आला.

"ढकलली का नाहीस?"

"तुम्ही रांग सोडलीत."

"भिंतीपाशी तर होतो!"

"किती वेळ होतात? तेवढ्यात मी पूल चढून उतरून येतंय."

रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. "भाऊ, मावशी टायमिंग लावून बसलीय!" सगळे हसले. सीतारामच्या मिशा थरथरायला लागल्या. आता तो शिवी देणार, असं मला वाटलं. मी पान खाणाऱ्यांच्या घोळक्यात उभी होते, बाह्या सरसावून.

पण वनमाला रिक्षातून उतरली, त्याच्या जवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, हसूचा नाय ह्या. तुमचा वरचेवर होता, आणि पुरा होत नाय. माझापण तसाच झाला होता. हॉस्पिटलात जावा. पुरुषांचा कायतरी वेगळा असता म्हणे, पण तपासूक लागता. आणि मेडिकलवाल्याकडची गोळी खाव नका."

मग तिने वाकून, खांदा लावून त्याची रिक्षा पुढे ढकलली. त्याच्या नंबरावर. तीन पॅसेंजर बसले, आणि सीताराम त्यांना घेऊन वर गेला.

मी तिला म्हटलं, "दाबून धरलं होतंस की त्याला! सोडलंस कशाला? तेव्हाच कबूल करून घ्यायचं होतं, चारचौघांत."

"चारचौघांत कबूल केल्यानी असती आणि उद्या इसारले असते," ती म्हणाली. "तुका मोर्चे काढूक येतत, माणसां नाय कळत." असं मला दुसरं कुणी बोललं असतं तर त्याचं काय झालं असतं, ते टेकडीला माहीत आहे.

त्यानंतर दोनेक दिवस सीताराम स्टँडवर दिसला नाही. राधा म्हणाली, राग धरून गोरेगावला मुलीकडे गेला असेल. मग तो आला. त्याच्या खिशातून सरकारी दवाखान्याचा केसपेपर डोकावत होता, एवढं मात्र मी पाहिलं.

त्या दुपारी वनमालाने बाटली संपवली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि पुलाकडे निघाली. कुणाला काही म्हणाली नाही. मागे सीतारामचीच रिक्षा होती. मी तिच्यासोबत पूल चढले. वरून रांग पूर्ण दिसते. पुढच्या दोन रिक्षा भरून निघून गेल्या. वनमालाची रिक्षा तशीच उभी. मागून हॉर्न. सीतारामने आरशात पाहिलं, तोंड दुसरीकडे फिरवलं, जणू नाल्याच्या भिंतीवर काही महत्त्वाचं लिहिलं आहे. मग त्याचा डावा पाय बाहेर आला, तिच्या रिक्षाच्या मागच्या बंपरला लागला, आणि ती रिक्षा हळूहळू, रिकामीच, आपल्या नंबरावर सरकली.

"बघितलंस?" मी म्हटलं.

"मागे बघू नको गो," वनमाला म्हणाली. "माका घाई आहे." आणि पूल उतरायला लागली.